जास्तीच्या दोनशे ओळी

त्यांना सगळे श्वासधरे म्हणत. हे आडनाव नव्हे. मोठ्या सरकारी रुग्णालयात एकतीस वर्षं त्यांनी छातीचे एक्स-रे काढले आणि एकतीस वर्षं दिवसभर त्यांच्या तोंडी तीनच गोष्टी होत्या: श्वास घ्या, धरा, सोडा. कुणीतरी थट्टेत हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की पगारपत्रक सोडून सगळीकडे तेच चालायला लागलं. त्यांना ते मनातून आवडत असे. आवडतं असं दाखवणं मात्र त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

माणूस तसा साधा, पण एका बाबतीत त्यांचं नाक कायम वर. फुप्फुसाचे खालचे दोन कोपरे फिल्मवर आलेच पाहिजेत. घाईत काढलेल्या फिल्मवर हे कोपरे कापले जातात, मग डॉक्टर चरफडतो आणि रोग्याला पुन्हा उभं करावं लागतं. श्वासधऱ्यांनी कोपरा कधी कापला नाही. नव्यानं कामाला लागलेल्यांना ते हे इतक्यांदा ऐकवत की ती बिचारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलापासून लांब बसत.

एकवीस वर्षांपूर्वी रुग्णालयाच्या फिल्मांच्या खोलीला वाळवी लागली. फिल्मांची पाकिटं खाऊन ती कपाटांपर्यंत पोचली, तेव्हा साहेब लोकांना जाग आली. कुठलंसं बंद पडलेलं रुग्णालय सामान काढून टाकत होतं, तिथून फिल्म वाचून तिची संगणकात फाईल करणारं एक यंत्र स्वस्तात उचलून आणलं गेलं. ते श्वासधऱ्यांच्या गळ्यात पडलं. एकेक फिल्म यंत्रात घालायची, फाईल झाली की फिल्म भंगाराच्या ढिगात. असं दीड वर्ष चाललं.

यंत्रात एक खोट होती. ते बनवणाऱ्यानं चाळीस सेंटिमीटरची फिल्म डोळ्यापुढे ठेवली होती, म्हणून प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला ते डोळे मिटून लिहायचं की या चित्रात दोन हजार ओळी आहेत. इथल्या फिल्मा होत्या त्रेचाळीस सेंटिमीटरच्या. यंत्र फिल्म संपेपर्यंत वाचत जायचं, दीडशे ओळी जास्तीच्या लिहून ठेवायचं, पण सुरुवातीचा आकडा काही बदलायचं नाही. आणि यंत्राबरोबर आलेला प्रोग्रॅम त्या आकड्यावर विसंबून दोन हजाराव्या ओळीला थांबायचा. खालची दोन बोटं गायब. बहुतेकांच्या बाबतीत त्या दोन बोटांत नुसतं पोट असतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात येईना. पण उंच, सडपातळ माणसानं मोठा श्वास धरला की फुप्फुसाचे कोपरे पार खाली उतरतात. तिसऱ्याच दिवशी एका उंच माणसाचे कोपरे पडद्यावर कापलेले दिसले आणि श्वासधऱ्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

यंत्राच्या कंपनीला लिहिलं, तर कंपनीच राहिली नव्हती. मग हा गृहस्थ वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी संध्याकाळच्या क्लासला जाऊन प्रोग्रॅम लिहायला शिकला. कोपऱ्यांपायी. क्लासमधली पोरं त्यांना आधी पालक समजली होती.

प्रोग्रॅमचं काम तसं सोपं. फाईल उघडायची, चित्रासाठी संगणकाच्या मेमरीत जागा राखून ठेवायची आणि एकेक ओळ वाचून त्या जागेत मांडायची. अडचण एवढीच, की जागा आधी राखावी लागते आणि किती ओळी येणार हे फाईल खरं सांगत नाही. हे त्यांनी घरी बायकोला सांगितलं. बायको शिवणकाम करायची, घरातल्या पुढच्या खोलीत तिची दोन मशिनं होती. ती कापड बेतत होती. मान वर न करता ती म्हणाली, "नेमकं माप माहीत नसेल तर माया सोडतात. त्यात एवढं काय?"

शिवणीसाठी जास्तीचं कापड सोडतात, तशी त्यांनी जास्तीची जागा सोडली. फाईल सांगेल तेवढ्या ओळी, अधिक दोनशे. आणि वाचताना सांगितलेल्या आकड्यावर थांबायचं नाही, फाईल संपेपर्यंत वाचायचं. कोपरे दिसायला लागले. त्या आनंदात त्यांनी प्रोग्रॅम कुणीही घ्यावा, वापरावा, दुरुस्त करावा असा इंटरनेटवर मोकळा ठेवून दिला. दोनशे का, हे मात्र कुठे लिहिलं नाही. तेव्हा ते इतकं उघड वाटत होतं की लिहायचं काय, असंच त्यांना वाटलं.

पुढे काय झालं ते त्यांना उशिरा कळलं. जुन्या वैद्यकीय फायली उघडणारं दुसरं काही फुकटात मिळत नव्हतं, म्हणून चित्रं दाखवणाऱ्या एका मोठ्या सॉफ्टवेअरनं त्यांचा प्रोग्रॅम आपल्या पोटात घेतला. त्या सॉफ्टवेअरला आणखी दहांनी घेतलं. श्वासधरे निवृत्त झाले तोवर त्यांच्या प्रोग्रॅमच्या सातशे ओळी जगभरातल्या कितीतरी संगणकांत जाऊन बसल्या होत्या, आणि त्यांची देखभाल करणारा माणूस शिवणाच्या खोलीच्या कोपऱ्यात, कापडाच्या तुकड्यांशेजारी एका लहानशा टेबलापाशी बसत होता. वर्षातून एखादं पत्र यायचं. ते त्याला दोन दिवसांत उत्तर द्यायचे.

चैन म्हणावी अशी ही एकच गोष्ट. बायको कधीकधी म्हणायची, तुमचं ते चित्रांचं दुकान उघडं आहे का आज?

मग एक वेगळं पत्र आलं. लिहिणारी मुलगी कुठल्याशा विद्यापीठात अशाच मोकळ्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची. तिची पद्धत विचित्र होती. मुद्दाम बिघडवलेल्या लाखो फायली ती प्रोग्रॅमच्या तोंडात कोंबायची आणि कशानं ठसका लागतो ते बघायची. तिच्या एका फाईलनं सुरुवातीला सांगितलं, दोन हजार ओळी. आत भरल्या होत्या नऊ हजार. श्वासधऱ्यांच्या प्रोग्रॅमनं बावीसशे ओळींची जागा राखली आणि नऊ हजार ओळी भाबडेपणानं ओतत सुटला. जागा भरल्यावर बाकीच्या शेजारच्या मेमरीत सांडल्या. तिथे संगणकानं स्वतःसाठी लिहून ठेवलेलं असतं, की पुढे कुठलं काम करायचं. कुणी हुशार, वाईट माणसानं त्या सांडणाऱ्या ओळींत नेमके आपले हुकूम घातले तर संगणक ते पाळेल. म्हणजे माणूस नुसतं एक चित्र उघडेल आणि त्याचं यंत्र परक्याच्या हातात जाईल. मुलीनं हे फार अदबीनं लिहिलं होतं. नव्वद दिवस ती कुणाला सांगणार नव्हती, तेवढ्यात दुरुस्ती करावी, नंतर ती जाहीर करील. शेवटी तिनं असंही लिहिलं होतं, की फाईल सांगते त्यापेक्षा जास्त काही वाचू नये, हा आता सगळीकडचा नियम आहे.

श्वासधऱ्यांना लाज वाटली. नव्वद दिवस दिलेत म्हणून नव्वद दिवस घेणाऱ्यांतले ते नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होण्याआधी ते टेबलाशी बसले. ती ओळ सापडली. फाईलचा आकडा, अधिक दोनशे. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. दोनशे कशाला? आठवेना. वीस-एकवीस वर्षं झाली होती. क्लासमध्ये नुकतं शिकलेल्या माणसानं घाबरून ठोकलेला आकडा असावा, असं त्यांना वाटलं, आणि त्या बेचाळीस वर्षांच्या शिकाऊ माणसाचं त्यांना जरा हसूही आलं. त्यांनी दोनशे पुसले. जागा फाईल सांगेल तेवढीच आणि वाचनही तेवढंच. आपल्याजवळची नमुन्याची तीन चित्रं उघडून पाहिली. तिन्ही नीट उघडली. तिन्ही ठेंगण्या माणसांची होती, पण हे तेव्हा कोण बघतो?

साडेनवाला दुरुस्ती रवाना झाली. मुलीचं उत्तर आलं की इतकी चटकन दुरुस्ती तिनं आजवर पाहिली नाही, सरांचे आभार. श्वासधऱ्यांनी ते पत्र बायकोला वाचून दाखवलं, आणि दुपारी पुन्हा एकदा वाचून दाखवलं. आठवड्याभरात दुरुस्ती ठिकठिकाणी पोचली. त्यांच्या जुन्या रुग्णालयातही.

सात आठवड्यांनी बायकोचं प्रकरण निघालं. खोकला जाईना म्हणून तिचा एक्स-रे काढला, तर डाव्या फुप्फुसाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात मटारच्या दाण्याएवढा डाग. मोठा स्कॅन झाला, त्यातूनही नक्की काही ठरेना. छातीचे डॉक्टर तरुण होते, दोन वर्षांपूर्वी आलेले, त्यामुळे समोर बसलेला म्हातारा कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सरळ सांगितलं, की डाग जुना असेल आणि इतक्या वर्षांत वाढला नसेल तर त्याला हातही लावायचा नाही. नवा असेल तर छाती उघडून तेवढा भाग काढायचा, आणि तोही लवकर. जुनी फिल्म असेल तर दोन मिनिटांत निकाल लागेल.

जुनी फिल्म होती. एकवीस वर्षांपूर्वी असाच खोकला झाला होता, तेव्हा श्वासधऱ्यांनीच ती काढली होती. बायको उंच, नवऱ्यापेक्षा चार बोटं वर. त्यावरून लग्नात झालेली थट्टा अजून घरात निघते. डॉक्टरांनी फाईल उघडली. पडद्यावर चाळिशीतली बायको हाडांसकट आली. डॉक्टर खालपर्यंत गेले आणि थांबले.

"कोपरा आलाच नाहीये," ते म्हणाले. "काढणाऱ्यानं खालचा भाग घेतलाच नाही. जुन्या फिल्मांचं हे असंच असतं, नीट काढायचेच नाहीत. याच्यावर विसंबता येणार नाही. मी म्हणेन, डाग नवा धरू आणि ऑपरेशन करू."

श्वासधऱ्यांना आधी बायकोची काळजी वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर आधी संतापच आला. एकतीस वर्षांत कुणी त्यांना हे वाक्य ऐकवलं नव्हतं. ते म्हणाले, की ही फिल्म मी काढली आहे आणि मी कोपरा कधी कापलेला नाही. आवाज चढला होता. डॉक्टर ओशाळले, पण त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. पडद्यावर कोपरा नव्हता, हे काही खोटं नव्हतं.

बायकोनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "अहो, तेव्हा तुम्ही मला दोनदा उभं केलं होतं. कोपरा नीट आला नाही म्हणून. मी चिडले होते."

मग त्यांनी पडद्याच्या खालच्या कडेकडे पाहिलं. कड फार सरळ होती. फिल्मची कड अशी नसते, तिला काळी पट्टी असते. हे चित्र फिल्मनं संपवलं नव्हतं, कुणीतरी मोजून थांबवलं होतं. दोन हजाराव्या ओळीला. आणि एकवीस वर्षं न आठवलेलं सगळं त्यांना एकदम आठवलं: यंत्राचा खोटा आकडा, जास्तीच्या दीडशे ओळी, बेतलेलं कापड, माया.

"कोपरा मीच कापलाय," ते म्हणाले. "तेव्हा नाही. दोन महिन्यांपूर्वी."

डॉक्टरांना समजावून सांगायला पंधरा मिनिटं लागली. बाहेर रोगी खोळंबले होते. फाईलमध्ये त्या ओळी अजून होत्याच, फक्त कुणी वाचत नव्हतं. श्वासधरे घरी आले आणि या वेळी सावकाश बसले. खरी दुरुस्ती अवघड नव्हतीच. फाईल काय सांगते त्यावर जायचं नाही, फाईल प्रत्यक्ष किती मोठी आहे ते आधी मोजायचं, त्याला एक वरची हद्द घालायची, तेवढीच जागा राखायची आणि जागेबाहेर एकही ओळ टाकायची नाही. चोरालाही वाट नाही आणि कोपराही जात नाही. हे त्यांना सात आठवड्यांपूर्वीही जमलं असतं. फक्त त्यासाठी त्या दोनशेला हसण्याऐवजी अर्धा तास विचार करायला हवा होता. दोन दिवस त्यांनी ती तपासली. सापडतील तेवढ्या उंच माणसांची चित्रं उघडली. मुलीची ती नऊ हजार ओळींची फाईलही घातली, ती बाहेरच अडली.

बायको त्या दोन दिवसांत लग्नाचा एक झगा आणि एका बाळाचं झबलं अशा दोन ऑर्डरी उरकत होती. घाबरली होती, पण मशीन चालू ठेवलं की तिला बरं वाटायचं. जेवताना तिनं एकदाच विचारलं, की तो डाग तिथे नसेल तर? श्वासधरे ताट तसंच ठेवून पुन्हा टेबलाशी जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत फाईल उघडली. खाली दोन बोटं जास्तीची आली, मग फिल्मची काळी पट्टी. डाव्या कोपऱ्यात मटारचा दाणा होता. डॉक्टरांनी मोजला. तेव्हा जेवढा, आजही तेवढाच. एकवीस वर्षं तो तिथे निवांत बसून होता आणि तेव्हाच्या डॉक्टरच्या नजरेतून निसटला होता. बायको उठली, पिशवी उचलली आणि म्हणाली की मग खोकल्याचं औषध लिहून द्या. श्वासधऱ्यांचा जीव भांड्यात पडला.

पण ते उठले नाहीत. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, या सात आठवड्यांत आणखी कुणाकुणाच्या जुन्या फायली तुम्ही अशा पाहिल्यात?

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी नोंदी काढल्या. अकरा जण. दोघांनी मिळून अकराही फायली नव्यानं उघडल्या. दहांच्या खालच्या दोन बोटांत पोट होतं, बाकी काही नाही. अकरावा माणूस उंच होता. सायकलदुरुस्तीचं दुकान, वय छप्पन्न. त्याच्या उजव्या कोपऱ्यात डाग होता, वीस वर्षांपूर्वी जुन्या यंत्रानं केलेल्या फाईलमध्येही तसाच, तेवढाच. त्याचं ऑपरेशन तीन आठवड्यांपूर्वी झालं होतं. काढलेली गाठ निरुपद्रवी निघाली, आणि तो माणूस वॉर्डात सगळ्यांचे हात हातात घेऊन आभार मानून गेला होता.

डॉक्टर म्हणाले, रुग्णालय रीतसर कळवेल, मीही भेटेन. श्वासधरे म्हणाले, भेटा, पण आधी मी जातो.

नव्या दुरुस्तीची जाहीर सूचना लिहायची होती, ती त्यांनी निघण्याआधीच लिहून टाकली. 'मागच्या दुरुस्तीनंतर काही जुन्या चित्रांचा खालचा भाग दिसत नव्हता. तो आता दिसेल.' बायकोनं खांद्यावरून वाचलं. हातातला दोरा दातानं तोडला आणि ती आत गेली.

सायकलवाला दुकानात स्टुलावर बसलेला होता. वजन उचलायची मनाई होती, त्यामुळे दुकान उघडून नुसता बसायचा. त्यानं श्वासधऱ्यांना लगेच ओळखलं. तुम्हीच नाही का, श्वास धरा म्हणणारे? त्यानं आनंदानं दुसरं स्टूल पुढे केलं. श्वासधऱ्यांनी बसून सगळं सांगितलं, काही न वगळता. यंत्र, ओळी, दोनशेचा आकडा, सकाळची घाई. त्याला मेमरीचं काही कळलं नसावं. मुद्दा मात्र कळला.

"म्हणजे गाठ तिथे आधीपासून होती," तो म्हणाला. "आणि तुम्ही ते पुसलं नसतं तर डॉक्टरांना दिसली असती."

"हो."

"मग कापलं नसतं."

"नसतं कापलं."

सायकलवाल्यानं मग विचारलं, की जेवढं दिसत नव्हतं, ते होतं तरी केवढं? श्वासधऱ्यांनी दोन बोटं जोडून दाखवली. सायकलवाल्यानं त्या बोटांकडे पाहिलं, शर्ट वर केला आणि स्वतःच्या कुशीवर हात ठेवला. व्रण एका वितीपेक्षा मोठा होता, काखेखालून पाठीकडे गेलेला, अजून लालसर.

"मोठा श्वास घेतला की लागतं," तो म्हणाला. रागानं नाही, एखाद्याला माहिती द्यावी तसं.

त्यानं माफ केलं असं म्हटलं नाही, आणि श्वासधऱ्यांनी माफी मागितलीही नाही. एक बाई सायकल घेऊन आली, पुढच्या चाकात हवा नव्हती. सायकलवाला उठायला लागला, तसे श्वासधरे उठले आणि त्यांनी पंप घेतला. हवा भरून दिली. आणखी दोन सायकली आल्या, त्यांच्याही भरल्या. दुकान बंद व्हायच्या वेळी दोघांनी मिळून फळी लावली.

घरी येऊन ते टेबलाशी बसले. सूचनेखाली त्यांनी आणखी तीन वाक्यं लिहिली: 'तो भाग मी कापला होता. तो तिथे का ठेवला होता हे मी विसरलो होतो आणि आठवेपर्यंत थांबलो नाही. त्यामुळे एका माणसाची छाती विनाकारण उघडली गेली.' मग प्रोग्रॅम उघडला, आणि जिथे पूर्वी नुसते दोनशे होते तिथे यंत्राची, फिल्मची आणि उंच माणसांची सगळी हकीकत लिहून काढली, नव्या माणसाला कळेल अशी. ती प्रोग्रॅमपेक्षा लांब झाली. बायकोनं विचारलं, की सायकलवाला कसा आहे? श्वास घेताना लागतं त्याला, ते म्हणाले.